भुईवर बसायचा प्रश्न

येलदरीच्या रस्त्यावरल्या एका गावात चांगुणाबाईच्या दारात निळी प्लास्टिकची खुर्ची दिवसभर मांडलेली असते. पुण्यातल्या लेकीनं, भक्तीनं, ती घेऊन दिली. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली आणि आयुष्यभर कापूस वेचून गुडघे पार कामातून गेले, तेव्हा आता सोबतीला खुर्चीच. येणारे-जाणारे "काय मावशी, बरं हाय का?" म्हणतात आणि उत्तराला न थांबता पुढे जातात. उत्तर ऐकून घेणारं माणूस एकच, रेणुका.

रेणुका परभणीहून यायची, दर तीन महिन्यांनी, हातात टॅब घेऊन. गुडघेदुखीवरच्या कुठल्याशा संशोधनात चांगुणाबाईचं नाव होतं. प्रश्न ठरलेले. गेल्या सात दिवसांत दुखणं शून्य ते दहात किती? जिना चढताना त्रास किती? मोजे घालताना?

"आमच्या घराला जिना न्हाई आन् मोजे मी जन्मात घातले न्हाईत," चांगुणाबाई दर खेपेला सांगायची. "तरी इचारतीस."

"विचारावं लागतं, मावशी. सगळीकडं एकच प्रश्न विचारले तरच इथला गुण तिथल्या गुणाशी ताडून बघता येतो."

हे मात्र तिला पटायचं. एकानं पायलीनं मोजायचं आणि दुसऱ्यानं किलोनं, मग भांडणाशिवाय दुसरं काय होणार? ती दुखण्याला दर वेळी पाच सांगायची आणि रेणुका पाच लिहायची.

खरं दुखणं समोर, गल्लीच्या पलीकडे होतं. ते कुसुमबाईचं घर. दोघी एकाच साली लग्न होऊन गावात आल्या, शेजारशेजारच्या ओळीत कापूस वेचला, एकीचं कोरड्यास दुसरीच्या ताटात गेलं. मागच्या वर्षी कुसुमबाईचा नवरा लिंबाजी वारला आणि दुसऱ्या दिवशी चांगुणाबाई बसायला गेली. मयताच्या घरी बाया भुईवर बसतात, जिचं माणूस गेलं तिला कवेत घेतात, रडतात. हिचे गुडघे वाकेनात. कुणीतरी खुर्ची आणली. पण जिचा नवरा गेला ती भुईवर आणि आपण तिच्या डोक्यावर खुर्चीत, हे हिच्या जिवाला मानवेना. चौकट धरून उभी राहिली, हात जोडले आणि मागं फिरली.

मरणाच्या घरी येऊन न बसता गेलेल्या माणसाला गाव काय म्हणतं ते सांगायला नको. कुसुमबाईनं बोलणं टाकलं. हिनंही गुडघ्याचं कारण सांगितलं नाही. गुडघे काय, गावात कुणाचे दुखत नाहीत? हट्टी बाई, दुसरं काय. वर्षभर एकमेकींच्या दाराकडं बघत दोघी एकट्याच जेवल्या.

मग रेणुका तिला जिंतूरला एका बैठकीला घेऊन गेली. इथून पुढं सगळ्या अभ्यासांत काय काय मोजायचं, ते ठरवायला डॉक्टरांनी दुखणेकऱ्यांनाही बोलावलं होतं. टेबलावर पत्ते मांडले होते: वेदना, चालणं, झोप, शेतकाम. प्रत्येकाला दहा चिंचोके. जे महत्त्वाचं वाटेल त्यावर ठेवायचे. एक पत्ता कोरा होता. चांगुणाबाईनं त्यावर रेणुकाकडून लिहून घेतलं, 'मयताच्या घरी भुईवर बसणं आन् उठणं', आणि दहाच्या दहा चिंचोके तिथं ठेवले. कुणीतरी हसलं. बैठक चालवणाऱ्या परमेश्वर सरांनी तो पत्ता दोनदा वाचला. पण नियम असा होता की चिंचोके नाही, ते ठेवणारी माणसं मोजायची. माणूस एकच भरलं. पत्ता यादीबाहेर गेला.

परत आली तर गावात बातमी: कुसुमबाईचा मुलगा पप्पू रविवारी येतोय, आईला कायमची संभाजीनगरला न्यायला. त्या दिवशी बुधवार होता.

गुरुवारी सकाळी चांगुणाबाई गल्ली ओलांडून गेली. कुसुमबाई अंगणात तूर निवडत होती. हिनं खांब धरला, दात आवळले आणि हळूहळू खाली सरकली. शेवटच्या वीतभरात तोल गेला, धपकन बसली.

"तवा बसता आलं न्हाई, कुसुम. गुडघ्यानं. आज बसले."

कुसुमबाई तूर निवडत राहिली. मग सूप अर्धं हिच्याकडं सरकवलं. दिवस मावळायला तिनं आणि आवराआवरीला आधीच आलेल्या सुनेनं, रोहिणीनं, दोन्ही बगलांत हात घालून हिला उठवलं.

"उद्या येतीस का?" कुसुमबाईनं विचारलं.

ती शुक्रवारी गेली, शनिवारी गेली. रविवारी गाडी येईपर्यंत दोघी भुईवर बसून होत्या. बोलल्या थोडं, रडल्या पुष्कळ. वर्षभराचं रडणं राहिलं होतं.

सोमवारी रेणुका आली. गेल्या सात दिवसांत दुखणं किती?

"आठ."

रेणुकाचं बोट थांबलं. "पाचावरून आठ? गोळ्या चुकल्या का, मावशी?"

"न्हाई. चार रोज भुईवर बसले."

त्यासाठी टॅबवर जागा नव्हती. रेणुकानं आठ लिहिलं आणि चांगुणाबाईच्या नावापुढं 'प्रकृती खालावली' असं लाल अक्षरांत उमटलं. तिनं ते वाचून दाखवलं, जरा ओशाळून.

चांगुणाबाई खुर्चीतून समोरच्या दाराचं कुलूप बघत होती.

"राहू दे," ती म्हणाली. "पुढल्या खेपेला परत पाच हुतील."