मामांची इम्पाला आणि माझा हात

माझ्या बायकोच्या मामांइतका दुसऱ्याच्या भरवशावर जगणारा माणूस मी अख्ख्या मराठवाड्यात पाहिलेला नाही. भरवशावर म्हणजे ऐतखाऊपणानं नव्हे. पहाटे उठून स्वतःचं अंथरूण स्वतः घडी करणारा, विहिरीची मोटार बिघडली तर शेजाऱ्याचीही दुरुस्त करून देणारा हा माणूस. पण आठवड्यातून एकदा ते आपला जीव दुसऱ्याच्या तळहाताखाली ठेवत, आणि वर निवांत बडीशेप चघळत. कारण होतं त्यांची गाडी. मानवतच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग गिरणीच्या आवारात, पूर्वी सरकी साठवायचे त्या पत्र्याच्या शेडमध्ये, लाल फुलांच्या गोधडीखाली ती उभी असे. आभाळी रंगाची अमेरिकन इम्पाला. मागं दोन्ही बाजूंना पसरलेले पंख, आणि पंखांखाली मांजरीच्या डोळ्यांसारखे दोन लांबट लाल दिवे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, ही आत्ता उडेल किंवा चावेल.

गाडी मूळची जिनिंगच्या शेठजींची, हैदराबादहून आणलेली. मामा तेव्हा जिनिंगमध्ये नुकतेच फिटर म्हणून लागले होते. ते सांगत, "गाडी आली तवा सारं गाव बघायला लोटलं. समदे तिच्याकडं बघायले. मी न्हाई बघितलं. मी खाली जाऊन बघितलं." ते जे खाली गेले ते पुढं पन्नास वर्षं तिथंच होते म्हणायला हरकत नाही. जिनिंग बंद पडली आणि शेठजी गाव सोडून निघाले, तेव्हा ते म्हणाले, "ही तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही, तूच ठेव." अमेरिकेतून सुटे भाग येण्याची शक्यता नव्हतीच. त्यामुळे मामांनी तिला हळूहळू मराठवाड्याची करून घेतली. पंख्याचा पट्टा पिठाच्या गिरणीचा, रेडिएटरचा पाइप शेतातल्या मोटारीचा, हॉर्न भंगारातल्या एका ट्रकचा. त्या हॉर्नमुळे पुढचा माणूस ट्रक समजून घाईघाईनं बाजूला होई, आणि मग मागून ही आभाळी राणी डुलत निघाली की तो तोंड उघडं टाकून उभा राही.

मामांना जगातली प्रत्येक गोष्ट इम्पालाच्या मापानं समजे. कुणी नवं घर बांधलं तर "दीड गाडीचं हाय" म्हणत. माझं लग्न ठरलं तेही याच मापानं. मुलगा बघायला म्हणून मामा आमच्या पाथरीच्या घरी आले, ते आधी गल्लीतच फीत धरून वाकले. माझ्या वडिलांना वाटलं नगरपालिकेचा माणूस आहे, म्हणून ते ओट्याच्या पायऱ्यांबद्दल सारवासारव करू लागले. मामा म्हणाले, "पगार किती ते मागून सांगा. गल्ली नऊ फूट भरती. गाडी साडेसहा. जमतंय." अशा रीतीनं माझं लग्न जमलं. बायको अजूनही म्हणते, गल्ली सहा फुटी असती तर मी सुटले असते.

एवढी लांबलचक गाडी वळवायला जिनिंगचं सगळं आवार लागे. पण कापसाच्या हंगामात एक व्यापारी ते आवार भाड्यानं घेई आणि तिथं कापसाचे डोंगर उभे राहत. मग मामा गाडी फक्त वळवण्यासाठी देवगाव फाट्यापर्यंत नेत. फाट्यावर रस्ता मोकळाढाकळा. तिथं एका फेरीत ती वळे, मामा चहा घेत, इंजिनाला "दम खाऊ द्या" म्हणून झाकण उघडून ठेवत, आणि मग परत. लोक हसत. मामी हसत नसत, कारण मागच्या सीटवर त्याही असायच्या आणि फाट्याचा चहा त्यांनाही आवडे. मामींचं गाडीशी वेगळंच नातं होतं. उन्हाळ्यात त्या बॉनेटवर धुतलेलं पातळ पसरून त्यावर कुरडया घालत. मामा कळवळत. मामी म्हणत, "आवं, इतकं मोठं झाकण त्या लोकांनी उगी केलं असंल का? त्यांच्या बायांनी सांगितलं असंल."

आता मूळ गोष्टीकडे येतो. मी मुद्दामच लांबवत होतो.

अमेरिकेत रस्त्याच्या उजव्या बाजूनं जातात, म्हणून त्या गाडीचं स्टेअरिंग डावीकडे होतं. आपल्याकडे त्यामुळे चालवणारा बसतो रस्त्याच्या कडेला. त्याला तुरीची शेतं छान दिसतात, पण पुढं कापसाचा ट्रॅक्टर असला तर समोरून काय येतंय ते दिसत नाही. ते दिसतं उजवीकडे बसलेल्या माणसाला. म्हणून मामांच्या गाडीत आरसे होते, दिवे होते, पण सगळ्यात महत्त्वाचा भाग माणूस होता. त्या माणसाला "हात" म्हणत. पुढची सीट एकसलग, सोफ्यासारखी. हातानं उजवीकडे बसायचं आणि आपला डावा तळवा मामांच्या उजव्या खांद्यावर ठेवायचा. तळवा खांद्यावर आहे तोवर थांबायचं. उचलला की पुढं काढायची. तोंडानं का सांगायचं नाही, असं मी एकदा विचारलं. मामांनी डोळ्यांनीच मागची सीट दाखवली. मामी चहा प्यायलाही "चला" म्हणत आणि गप्पांत हुंकार म्हणूनही "चला" म्हणत.

माझ्या आधी माझे सासरे हात होते. त्यांच्या गुडघ्यांनी संप केला तेव्हा नेमणूक माझी झाली. मामांनी शेडमध्ये माझी परीक्षा घेतली. डोळे मिटून बसले आणि माझ्याकडून वीसदा हात ठेववून घेतला, उचलवून घेतला. "दाबू नगा, जावईबापू. नुसता असू द्या. असलेला कळला पायजे, बस." अकरा वर्षं मी हात होतो. शाळेत मी मास्तर, घरी मधला मुलगा, कुणी मला विचारून काही केलं असं फारसं घडलं नाही. पण मानवत ते फाटा या रस्त्यावर माझा तळवा उचलल्याशिवाय ती प्रचंड गाडी इंचभर पुढं सरत नसे. मामा चहाच्या टपरीवर सांगत, "स्टेअरिंग माझ्याकडं हाय नुसतं. गाडी जावईबापू चालवतेत."

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. हंगाम सुरू झाला होता, आम्ही गाडी वळवायला निघालो होतो. पुढं कापसाचा ट्रॅक्टर होता. माझ्या खिशात फोन वाजला. मास्तरांच्या ग्रुपवर बदल्यांची यादी आली होती. मी उजव्या हातानं ती उघडली. अक्षरं मुंगीएवढी. मोठी करायला दोन्ही हात लागतात.

मी डावा हात उचलला.

मामांनी गाडी काढली. त्यात विचार करण्यासारखं त्यांना काही नव्हतंच. मी मान वर केली तेव्हा समोर माणसांनी भरलेली जीप होती, टपावरच्या माणसाच्या गळ्यातला मफलरसुद्धा मला दिसला. मामांनी स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं आणि इम्पाला रस्ता सोडून, चर ओलांडून, तुरीत जाऊन थांबली. जीप हातभर अंतरावरून गेली. कुणालाही काही झालं नाही. तिथं मेंढ्या चारणारी एक बाई होती, तिनं एवढी मोठी वस्तू तुरीत येताना पाहून फक्त "आगाई!" म्हटलं. उजवा पंख एका बाभळीवर चेमटला, तेवढंच. मामी मागून म्हणाल्या, "आलो का?"

मामा दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून बसले होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, खरंच विचारायचं होतं त्यांना. "जावईबापू, तुमी हात उचलला होता का?"

फोन तोवर माझ्या खिशात परत गेला होता. मी म्हणालो, "नाही मामा. हात खांद्यावरच होता."

एवढंच वाक्य. त्या यादीत माझं नावही नव्हतं.

मामा बराच वेळ आपल्या खांद्याकडे बघत राहिले. जीपमधली माणसं उतरून आली, मेंढीवाल्या बाईचा नवरा आला, सगळ्यांनी मिळून गाडी रस्त्यावर ढकलली. मामा गाडी घरी घेऊन आले ती गावाकडे निघालेल्या दुसऱ्या एका ट्रॅक्टरच्या मागं मागं, सबंध रस्ता. शेडमध्ये लावली, गोधडी टाकली, आणि म्हणाले, "ज्याला माणसाचा हात कळंना, त्यानं गाडी चालवू नाई." त्यानंतर त्यांनी ती रस्त्यावर काढली नाही. दर गुरुवारी इंजिन मात्र चालू करत, पाव तास ऐकत बसत आणि बंद करत.

मला वाटलं, आठ दिवसांत विसरतील. पण मामांनी खांद्याचं मनावर घेतलं. परभणीला डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी सुई टोचली. मामा ओरडले. डॉक्टर म्हणाले, "खांदा उत्तम आहे." मामा म्हणाले, "सुई कळती हो. माणूस कळत न्हाई." मग मामींनी रोज संध्याकाळी खांद्याला तेल चोळायला सुरुवात केली. आणि मला सगळ्यात जड गेलं ते हे, की मामा माझीच माफी मागत राहिले. दर दिवाळीला मला कपडे करत. पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणत, "हे आमचे जावाई. मी ह्यांना मारणार होतो, यांच्या नशिबानं वाचले." लोक हसत. मीही हसत असे. सहा दिवाळ्या मी ते नवे शर्ट घातले. ते मला बरोबर बसत, मामांचं माप कधी चुकत नाही.

या दिवाळीत आम्ही गेलो तेव्हा मामा शेडमध्ये खोबरेल तेलाच्या फडक्यानं पंख पुसत होते. चेमटलेला पंख त्यांनी ठोकून सरळ केला होता, तरी हात फिरवला की कळे. म्हणाले, "उद्या पुण्याचा माणूस यायलाय. देऊन टाकतो. लग्नात नवरानवरी बसवून फोटो काढणार म्हणं." मी विचारलं, "का देता?" ते म्हणाले, "तिच्यात बसलं की तुमी दिसता. तुरीत. पांढरंफटक तोंड."

मी शेडच्या ओट्यावर बसलो आणि सांगितलं. यादी, दोन्ही हात, खिशात गेलेला फोन, सगळं. माझा आवाज वर्गात निघतो तसा खणखणीत निघाला नाही. मामांचं फडकं थांबलं. त्यांनी विचारलं, "यादीत आलं होतं का नाव?"

"नाही."

"मंग बरं हाय," ते म्हणाले, आणि परत पुसू लागले. थोड्या वेळानं फडकं खाली ठेवून म्हणाले, "हात उचलला ते काय, माणूस हाय, उचलंल. पण त्या टायमाला सांगायचं होतं, जावईबापू. गाडीचं काय न्हाई. मला वाटायचं, मी आतून मेलो. कुणी खांद्यावर हात ठेवला तरी मला शंका. नातू येऊन बिलगला तरी शंका, की ह्याचं वजन मला पुरतं कळायलंय का." मग ते एकदम शेडमागच्या आपल्या घराकडे तोंड करून ओरडले, "आगं, ऐकलंस का? माझा खांदा चांगला हाय!"

मामी कुरडयांचा डबा घेऊन दारात आल्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "सहा वर्षं, जावईबापू! सहा वर्षं रोज तेल चोळायले मी! माझे हात बघा आता, ह्यांच्यापेक्षा माझेच खांदे गेले." आणि डबा माझ्या मांडीवर आदळून म्हणाल्या, "खा."

मी म्हणालो, "मामा, मग पुण्याच्या माणसाला नाही सांगा." मामा हसले. "खांदा हाय, पण आता डोळे न्हाईत. मोतीबिंदू हाय दोन्हीकडं, बारीकसारीक दिसंना झालंय. लायसन पण संपलं." मग त्यांनी अर्धवट सारलेली गोधडी खाली ओढली आणि किल्ली माझ्यापुढं धरली. "उद्या ती जाणार. आज वळवून आणू. तुमी बसा डावीकडं."

अकरा वर्षं शेजारी बसून गाडी बघितली होती, त्यामुळे ती माझ्या हातून चालली, म्हणजे तिनं मला चालवू दिलं. मामी मागं बसल्या. मामा उजवीकडे बसले आणि त्यांनी डावा तळवा माझ्या खांद्यावर ठेवला. दाबला नाही. नुसता ठेवला. अकरा वर्षं तो हात मी दिला होता, घेतला कधी नव्हता. इतका कळतो हे मला माहीत नव्हतं.

फाट्याकडे जाताना पुढं कापसाचा ट्रॅक्टर लागला. कापसाचे पुंजके उडून आभाळी बॉनेटवर बसत होते आणि परत उडत होते. रस्ता पुढं जरासा डावीकडे वळत होता, आणि त्या वळणावर माझ्या बाजूनंही दिसत होतं, की समोर लांबपर्यंत कुणी नाही. जीप नाही, एसटी नाही, सायकलसुद्धा नाही. मोतीबिंदू असला तरी एवढा मोकळा रस्ता मामांना नक्की दिसत असणार.

त्यांनी हात उचलला नाही, नुसता असू दिला.

मागून मामी म्हणाल्या, "चला." मी गाडी तशीच ट्रॅक्टरच्या मागं ठेवली, बैलगाडीच्या चालीनं, फाट्यापर्यंत.