झुंबरची उडी

झुंबर घाबरट आहे हे बोईसरच्या आमच्या चाळीत सगळ्यांना माहीत आहे, आणि तो ते लपवतही नाही. याचाच मला राग यायचा. दारातून वाकून आत शिरावं लागेल एवढा उंच गडी, बीडकडच्या ऊसतोड्यांच्या घरातला, आमच्या कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो, आणि कामावर निघताना हा दारातच घुटमळतो.

भीतीला कारण होतं, तेही सांगतो. कंपनीच्या आवारात, जिथे ट्रक भरतात तिथे, महादूची फोर्कलिफ्ट एका ट्रेलरला धडकून कलंडली. महादू विक्रमगडकडचा, चपळ माणूस. त्याने उडी मारली. मशीन त्याच बाजूला आडवी झाली आणि तिच्या लोखंडी टपाखाली त्याचा पाय सापडला. गुडघ्याच्या वरून कापावा लागला. आता तो गेटवर खुर्चीत बसून असतो, कुबडी भिंतीला टेकवून. त्या दिवशी झुंबर जवळच उभा होता. त्याने सगळं पाहिलं.

सीटला पट्टा असतो, नाही असं नाही. पण तो सीटच्या मागून अडकवून ठेवायची आमच्याकडे रीत आहे, म्हणजे पट्टा लावला नाही म्हणून मशीन पिरपिर करत नाही आणि सारखं चढायला-उतरायला बरं. महादूनंतर झुंबर एकटाच पट्टा पोटावर बांधू लागला. पोरं विचारायची, विमान कुठं निघालं? मीही हसायचो.

खरं तर झुंबरला ना मशीनची भीती होती ना ट्रेलरची. त्याला भीती होती स्वतःच्या पायांची. लहानपणी तो बापाबरोबर उसाच्या बैलगाडीवर बसायचा. भरलेली गाडी कलली की बाप ओरडायचा आणि सगळी भावंडं टुणकन खाली. तिथे उडी मारील तो वाचायचा. फोर्कलिफ्टचं नेमकं उलटं. कलंडली तर बसून राहायचं, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय आत रोवायचे. हे त्याला पक्कं कळत होतं, पण पाय ऐकत नव्हते.

म्हणून त्याने आणि नर्मदाने, म्हणजे त्याच्या बायकोने, एक उद्योग काढला होता. सकाळी डबा भरता भरता ती न सांगता त्याची प्लास्टिकची खुर्ची कलती करायची. त्याने बसून राहायचं. तो दर वेळी उडी मारून दाराशी. आमच्या दोघांच्या खोल्यांमधल्या भिंतीला धपकन आवाज यायचा. एकदा मी चिडून गेलो, म्हटलं हा काय पोरखेळ लावलाय सकाळी सकाळी. नर्मदाच्या डोळ्यांत पाणी होतं.

"भाऊजी, अजून उडीच मारत्यात हे," ती म्हणाली. "एकदाबी बसले न्हाईत."

मी परत आलो. त्या दिवसापासून मलाही भीती वाटायला लागली. सकाळी भिंतीकडे कान लावून बसायचो, आज तरी आवाज येऊ नये म्हणून. यायचाच.

आणि मग एका दुपारी ते घडलं. झुंबर ड्रम वर उचलून ट्रकात ठेवत होता. बाजूने एक ट्रेलर रिव्हर्स आला. मागे बघायला क्लीनर नाही, हॉर्न नाही. मी शेडच्या दारातून ओरडलो, पण कंप्रेसरच्या आवाजात कोण ऐकतंय. ट्रेलरचा कोपरा फोर्कलिफ्टला लागला. वजन सगळं वर, त्यामुळे मशीन कलली ती सावकाश, बघवणार नाही इतकी सावकाश. आणि आवारातले झाडून सगळे त्याला ओरडून सांगू लागले, उडी मार.

झुंबरचा पाय बाहेर आला. त्याचा बूट हवेत लोंबताना मला दिसला. पण पट्ट्याने त्याला कमरेला धरून ठेवलं होतं. धड हललं नाही. पाय परत आत गेला आणि मशीन धाडकन आडवी झाली.

आम्ही धावलो. कोणीतरी इंजिन बंद केलं. झुंबर पट्ट्यात आडवा अडकलेला, खांद्याचं हाड मोडलेलं, कपाळातून रक्त, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर. पट्टा कापला तरी त्याची बोटं सुटेनात. आम्ही सांगत होतो, ओढत होतो, तो डोळे मिटून पुटपुटत होता.

"बसलोय, नर्मदे. बसलोय मी."

एवढ्यात गेटवरून महादू आला. त्याने कुबडी बाजूला टाकली, जमिनीवर बसला आणि वाकून आत बघितलं.

"सोड आता," तो हळूच म्हणाला. "मशीन थांबली हाय. दोन्ही पाय हायेत तुझे, मी बगितले."

झुंबरने डोळे उघडले. स्वतःच्या पायांकडे त्याने पाहिलंच नाही. महादूकडे पाहिलं, आणि मग एकेक बोट सोडलं.