तानपुरा वगळून

मंगळवारी दुपारी तीन वाजता, महापेच्या आमच्या लॅबमध्ये, कमलताईंनी स्क्रीनकडे पाहत विचारलं, "मी कुठेय यात?"

जुन्या फिल्म साफ करून डिजिटल करणं हे आमचं काम. ऐरोलीच्या कमलताईंनी दिलेलं रीळ त्यांच्या दिवंगत गुरूंच्या मैफलीचं होतं. कृष्णधवल, बत्तीस मिनिटांचं. बुवांच्या मागे तानपुऱ्यावर बावीस वर्षांच्या कमलताई. मैफलीतलं ताईंचं हे एकमेव चित्रण. दुसरी प्रत नाही. एका म्युझिक चॅनेलला ते 'विंटेज' मालिकेसाठी हवं होतं. तयार व्हिडिओ पाहून ताई परवानगीपत्रावर सही करणार, असं ठरलं होतं.

चॅनेलचा प्रोड्युसर निखिल. त्याच्या सूचना लेखी आहेत. फिल्मवरचे खरे ओरखडे पुसायचे. मग सॉफ्टवेअरमधले ओरखडे वर टाकायचे, कारण खरे पुरेसे जुने वाटत नाहीत. तानपुरे जुळवण्याची पहिली चार मिनिटं काढायची. चित्र मोबाइलसाठी उभं कापायचं. उभ्या चौकटीत बुवा मावले, मागची मुलगी मावली नाही.

आवाजाची चूक माझी. डीनॉइज हे सॉफ्टवेअर रेकॉर्डिंगमधली अखंड घरघर शोधून पुसतं. मी ते ऑटोवर चालवलं. त्याला तानपुरा घरघर वाटला. तो व्हिडिओ मी, आमचे मॅनेजर सावंत आणि निखिल अशा तिघांनी ऐकून पास केला. काही कमी आहे, असं कुणालाच वाटलं नाही.

"ताई, फोकस बुवांवर ठेवलाय," निखिल म्हणाला.

"आणि तानपुरा? बुवा गातायत कशावर?"

"साउंड क्लीन केलाय. पब्लिकला क्लीन लागतं."

"मग हे ओरखडे कशाला ठेवलेत?"

"ते आम्ही टाकलेत. विंटेज फील."

ताई हसल्या. "बरंय बाबा. होतं ते पुसलं, नव्हतं ते चिकटवलं."

सावंत मध्ये पडले. "शेवटी तुमचं नाव देऊ ना, ताई. विशेष आभार म्हणून."

"आभार कसले? मी तिथे बसलेय."

मी मूळ स्कॅन लावला. काहीही न कापलेला, न पुसलेला. बुवा हातातल्या तानपुऱ्याची खुंटी पिळतात, मागे वळून पाहतात. मुलगी मानेनं नाही म्हणते. बुवा पुन्हा पिळतात. पुन्हा नाही. चौथ्या मिनिटाला ती मान डोलावते. मग गाणं सुरू होतं.

"एवढ्यात लोक स्क्रोल करून पुढे जातील," निखिल म्हणाला.

"जाऊ देत की. बुवा थांबले होते."

ताईंनी सही केली नाही. मूळ स्कॅन पेन ड्राइव्हवर घेतला, रिळाचा डबा पिशवीत घातला आणि साडेचारला त्या निघाल्या.

चॅनेलची मालिका शुक्रवारी सुरू झाली, दुसऱ्या एका गायकाच्या फिल्मनं. तिच्यावरचे ओरखडे तेच आहेत.