भुरी कुणाच्या झाडाची?

दादा, मी जर्मनीला निघाले तेव्हा फाटकाजवळचं ताम्हणाचं झाड जांभळं झालं होतं. बाबा त्याच्याखाली उभे होते. "पोचलीस की कळव," एवढंच म्हणाले आणि द्राक्षबागेकडे वळले.

हॅम्बर्गच्या गारठ्यात ताम्हण कुठलं जगायला! म्हणून इथे भाड्याने घेतलेल्या आमच्या बागेच्या तुकड्यात मी त्याची धाकटी बहीण लावली, क्रेप मर्टल. इथे तिला 'इंडिशर फ्लीडर', म्हणजे भारतीय लायलॅक म्हणतात. फोटोतला जांभळा रंग बघितला आणि घेऊन आले, जात कुठली ते विचारलंच नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात पानांवर पीठ भुरभुरल्यासारखा भुरीचा रोग.

तर शेजारच्या बाईंनी बागेच्या फेराइनमध्ये, म्हणजे बागवाल्यांच्या मंडळात, तक्रार केली, की माझ्या झाडाची भुरी त्यांच्या गुलाबांना लागली, झाड काढून टाका. अरे वा! त्यांचे गुलाब माझं झाड यायच्या आधीपासून पांढरेफटक. आणि गुलाबाची भुरी वेगळी, हिची वेगळी. निफाडच्या द्राक्षवाल्याच्या मुलीला भुरी शिकवतात!

सभेत मी हे सगळं सांगितलं. अध्यक्ष मान डोलावत म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. पण ते झाड इथलं नाही ना." माझं डोकंच फिरलं. "आल्झो, मग तुमचे बटाटे तरी कुठे इथले आहेत?" मी उभी राहून ओरडले. माझी लेक सई बाही ओढत विनवत होती, "ममा, बिट्टे!"

झाड मी काढलं, पण त्यांच्या सांगण्यावरून नाही. रोगट झाड मलाच बघवेना. त्याच जागी, भर उन्हात आणि मोकळ्या वाऱ्यात, दुसरी क्रेप मर्टल लावली. या वेळी नर्सरीत खोदून खोदून विचारलं: भुरीला दाद न देणारी हवी, आणि इथल्या एवढ्याशा उन्हाळ्यात लवकर फुलणारी. मिळाली ती पांढऱ्या फुलांची. असू दे पांढरी. पानं स्वच्छ आहेत आणि आज सकाळी कळ्या दिसल्या.

कळ्या बघताना तुझा फोन आठवला. बाबा गेल्यावर तू गाडी लावायला जागा हवी म्हणून ताम्हण तोडलंस, आणि तोडून झाल्यावर मला सांगितलंस. वर म्हणालास, "तुला काय, तू तिकडे." मी "बरं" म्हणाले. मी कोण बोलणारी, असं वाटलं. इथे मात्र परक्यांच्या भाषेत, भर सभेत, एका झाडासाठी तावातावाने भांडले. म्हणजे घर आता हेच झालं म्हणायचं.

पण दादा, भांडायचं मला तुझ्याशी होतं रे.