भरल्या ताटावरून

हॉलिवूडमध्ये मी इतकी वर्षं लिहितो आहे, पण उत्रोलीत त्यावर अजून कुणाचा विश्वास नाही. दोष त्यांचा नाही. मी लिहिलेले बहुतेक चित्रपट निघालेच नाहीत. न निघालेल्या चित्रपटांवरही तिकडे माणसाचं पोट चालतं, हे गावात पटवायला जाऊ नये. "आमचा भात दर साली निघतो. तुझा पिच्चर कवा निघायचा?" असं चुलते दर सुट्टीत विचारतात.

शेवटी एकदाचा दिग्दर्शक झालो. गोष्ट माझीच होती. मुलगा सिनेमा शिकायला अमेरिकेला जायचं म्हणतो, वडील नाही म्हणतात आणि तो भरल्या ताटावरून उठून चालू लागतो. सगळा चित्रपट त्या उठण्यावर उभा होता. हे दृश्य आमच्याच घरात घ्यायचं ठरलं. नायक दुसऱ्या दिवशी परत जाणार होता, त्यामुळे जे काय करायचं ते त्याच दुपारी.

आईच्या कामासाठी मुंबईहून नटी आणली होती. तिनं थापलेली पहिली भाकरी पाहून माझी खरी आई म्हणाली, "सरक बाय तिकडं." आणि चुलीपुढे बसली ती बसलीच. अमेरिकन कॅमेरामनला ती फार आवडली. मीही म्हटलं, हिला काय, गप्प बसून भाकरीच तर थापायची आहे.

कॅमेरा सुरू झाला. नायक तावातावानं उठला. आईनं पिठाच्या हातानं त्याचं मनगट धरलं.

"खाली बस. भरल्या ताटावरनं उठत्यात व्हय?"

तो बसला. नुसता बसला नाही, जेवला.

पुन्हा केलं, पुन्हा तेच. दर वेळी गरम भाकरी आणि वर वाढीव कालवण. नायकाला पुढं पुढं रागानं काय, कसंही उठता येईना. खिडकीतलं ऊन उतरायला लागलं आणि माझा पारा चढायला लागला.

"आई, तू फक्त चुलीकडं बघायचंस. तो खोटं खोटं जातोय."

"भाकरी तर खरी हाय न्हवं?"

"अगं, पण मी गेलो तेव्हा तू गप्पच बसली होतीस की!"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. ती नीट भाजू दिली, मग बोलली.

"तवा तुजं वडील समोर हुतं. त्यांच्या म्होरं म्या कवा बोलले न्हाई. तू गेल्यावर त्ये ताट मला कुनाला घालवंना, आन टाकवंना. आता ते न्हाईत. आता म्या कुनालाबी उठू द्यायची न्हाई."

मला रडू आलं. 'कट' म्हणायचं राहूनच गेलं. वडिलांचं काम करणाऱ्या नटानं घाबरून मान खाली घातली आणि तोही जेवू लागला. कॅमेरामननं सगळी पंगत टिपली. मी तेच दृश्य ठेवलं.

ते लॉस एंजेलिसला पाठवल्यावर निर्मात्याचा फोन आला. चांगलाच तापला होता. गोष्टच बुडाली म्हणाला. हा मुलगा घर सोडून जाणार तरी कधी?

"जेवून," मी म्हणालो.