दोन बोटांचा शब्द

वॉर्डाच्या दारावर इंग्रजीत एक लांबलचक शब्द लिहिलेला होता, गॅस्ट्रोइंटेस्टायनल. बाबांचा शेवटचा महिना त्या दाराआड गेला, नाशिक रोडच्या एका दवाखान्यात. बाबा जन्मभर इंग्रजीचे शिक्षक. कळवणकडची एक सिस्टर तो शब्द उच्चारताना दरवेळी अडखळायची, आणि बाबा खूश व्हायचे.

"हात दे," ते म्हणायचे. जप मोजावा तसे तिच्या बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवत जायचे. गॅस्, ट्रो, इन्. करंगळी संपली. टेस्, टाय, नल. अनामिका संपली.

"पोट ग्रीक, आतडं लॅटिन," ते सांगायचे. "आंतरजातीय लग्न आहे, पण संसार टिकलाय."

ती खळखळून हसायची. "बाबा, परत सांगा ना."

बाबा. माझ्या वडिलांना ती बाबा म्हणायची. मी शेजारच्या स्टुलावर मोसंबी सोलत बसलेली असायचे. लहानपणी माझ्याही पेरांवर त्यांनी शब्द मोजले होते. पुढे मी एम.ए. झाले, कॉलेजात शिकवू लागले आणि ते थांबलं. एकदा मी मुद्दाम विचारलं, "आतड्याच्या त्या लॅटिन शब्दाचं मूळ काय हो?"

"तुला काय सांगायचं? तुला येतंच," म्हणाले आणि कूस वळवली.

परदेशातल्या नोकरीसाठी तिनं इंग्रजीची परीक्षा द्यावी, असा त्यांनी हट्टच धरला होता. "माझं नाय होणार," ती म्हणायची. माझ्याकडे कशाचा हट्ट धरावा, असं त्यांच्यापाशी काही उरलं नव्हतं.

दहाव्याला दसकच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, पण एकही खाली येईना. धाकट्या भावानं हात जोडून सांगितलं, "आईला सांभाळीन." आत्यानं श्राद्धाचं कबूल केलं. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. त्यांची कुठली इच्छा माझ्यापाशी अडली असेल, मला आठवेना.

मागून सिस्टर पुढे आली. ड्यूटी संपवून थेट आली होती. "बाबा, देते मी परीक्षा," ती म्हणाली.

कावळा उतरला. पिंडाला शिवला. सगळ्यांना हायसं वाटलं. मला वाटलं, तो उडून परत जावा आणि माझ्यासाठी पुन्हा यावा.

"ही कोण गं?" आत्यानं विचारलं.

"बाबांची विद्यार्थिनी," मी म्हणाले. दवाखान्यात असताना हा शब्द मी तिच्यासाठी एकदाही वापरला नव्हता.

निघताना ती जवळ आली. "ताई, अडलं तर आता तुम्हाला विचारू?"

माझा अंगठा करंगळीच्या मधल्या पेरावर होता.

"विचारा," मी म्हणाले. तिनं लगेच हात पुढे केला नाही, त्याचं बरं वाटलं.