दोन भोवऱ्यांचे आतोबा

माणसाचं नशीब कपाळावर लिहिलेलं असतं हे अजिबात मान्य नसलेला एकच माणूस बीड जिल्ह्यात होऊन गेला, तो म्हणजे आमचे आतोबा, माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. त्यांच्या मते सटवाई पुढून येतच नाही. ती मागून येते आणि डोक्यावर जिथे केस गोल फिरतात, त्या भोवऱ्यात लिहून जाते. अंगावरचे भोवरे बघून बैल घेणारे पुष्कळ असतात. आतोबा माणसंही तशीच पारखून घेत. घरी पाव्हणा आला की काहीतरी निमित्त काढून ते त्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहत. दूध सोसायटीच्या निवडणुकीत मत मागायला आलेल्या चेअरमनला तर त्यांनी भर ओट्यावर टोपी काढायला लावली. चेअरमनच्या डोक्यावर केस औषधालाही नव्हता. आतोबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "सायेब, तुमची तर पाटीच कोरी हाय. इस्वास ठिवावा तर कशावर?"

भोवरा या शब्दाचंही त्यांना भारी कौतुक. पोराच्या हातातला भोवरा, नदीच्या डोहातला भोवरा, डोक्यावरचा भोवरा. "ज्यानं तिन्हीला एकच नाव दिलं त्यो माणूस लई हुशार असंल बघ. तिन्ही गोल फिरतेत, अन् सगळं मधी वढून घेतेत." उन्हाळ्यात पडीक रानात वावटळ उठली की आम्ही पोरं घराकडे धूम ठोकायचो आणि आतोबा पायातल्या चपला काढून, थोरल्या माणसाला वाट द्यावी तसे बांधावर उभे राहायचे. त्यांचं बोलणंही त्याच वळणाचं. केजची जीप कधी आहे विचारलं तर सुरुवात जीपवाल्याच्या आजोळापासून व्हायची, आणि वेळ कळेपर्यंत जीप केजला पोचलेली असायची.

खुद्द आतोबांच्या डोक्यावर दोन भोवरे होते. दोन भोवरे म्हणजे दोन बायका, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. म्हणून सोयरीक ठरताना त्यांनी पटका तसूभर हलू दिला नव्हता. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांना न्हायला पाणी घालताना आत्याला ते दिसले, आणि त्या दिवसापासून त्या घरात तिसरं माणूस राहायला आलं. कालवणात मीठ जास्त पडलं की आत्या म्हणायची, "आणा की तुमची ती दुसरी! ती करंल चांगलं." नवा हंडा घेतला तर, "घ्या, तिची सोय झाली." टँकरच्या गर्दीतून डोक्यावरच्या चुंबळीवर दोन घागरी तोलत यायची आणि दारातूनच ओरडायची, "तिला सांगून ठिवा, हितं पान्यासाठी भांडावं लागतं!" म्हशीची धार काढणारे आतोबा मान वर न करता म्हणायचे, "सांगतो." त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. कधीच न आलेल्या त्या बाईनेच त्यांचं घर भरलेलं ठेवलं होतं, असं मला आता वाटतं.

पुढे लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला आणि त्या दुष्काळात आत्या गेली. तापाचं निमित्त झालं. गुरं चारा छावणीत, निम्मं गाव ऊस तोडायला गेलेलं, दूध नाही म्हणून सोसायटीला कुलूप. आतोबा बोलायचेच बंद झाले. कुणाच्या पाठीमागे जाऊन उभं राहणंही संपलं. कधीही जावं तर चूल थंडगार. शेवटी भावकीतल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं की डोक्यावर लिहिलेलंच आहे, तर मग उशीर कशाला? शिरूर कासारकडचं एका विधवा बाईंचं स्थळ निघालं. "कावून छळता रे मला?" असं म्हणत आतोबा जीपमध्ये बसले. सोबतीला मला धाडलं.

बाई पोक्त होत्या, शांत होत्या. त्यांनी चहा दिला आणि सहज विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

कितीतरी महिन्यांनी आतोबा मनमोकळं बोलू लागले. घरी कोण असतं ते सांगता सांगता गोठा आला, गोठ्यावरून छावणी आली, छावणीत आत्या भाकरी घेऊन यायची ती वाट आली, त्या वाटेवर तिला चावलेला विंचू आला, आणि विंचू चावल्यावरही तिने सांडू न दिलेलं कालवण आलं. गोष्ट कितीही लांब जावो, फिरून आत्यापाशीच येऊन थांबायची. मी दोनदा खाकरलो. चहावर साय धरली. बाई जागच्या हलल्या नाहीत. "अन् भांडायची कशी, सांगू का?" म्हणत आतोबांनी कमरेवर हात ठेवून आत्याची नक्कल केली, आणि मधेच गप्प झाले. हात तसेच कमरेवर राहिले.

बाईंनी पदराने डोळे टिपले. "पाव्हणं," त्या म्हणाल्या, "तुमचं तर लगीन झालेलंच हाय की. जावा घरी." निघताना त्यांनी फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून दिला.

दिवस कलता कलता आम्ही घरी पोचलो. त्यांनी कुलूप काढलं, दार ढकललं. आत अंधार होता. उंबऱ्याबाहेर चपला काढून ते क्षणभर तसेच उभे राहिले आणि आत बघत हळूच म्हणाले, "न्हाई आणली गं."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू बस, पानी आणतो."

मी ओट्यावर बसलो. आतून भांड्यांचा आवाज येत होता आणि त्या आवाजात मिसळून आतोबांचं बोलणं. शिरूरच्या बाईंची हकीकत ते कुणाला तरी सांगत होते, अगदी पहिल्यापासून, काहीही न गाळता. पाणी यायला फार वेळ लागला. मी हाक मारली नाही.